वणीतली उन्हाळी बाग : कुठे घ्यायचं, किती द्यायचं, काय टाळायचं

पंधरा कुंड्यांची गच्चीवरची बाग वणीत पाच हजार रुपयांच्या आत उभी राहते. यात रोपं, माती, खत, सावलीचं नेट, ठिबक आणि पाण्याचा ड्रम सगळं आलं. होळीपासून मृगापर्यंत ती रोज दहा मिनिटांत सांभाळता येते. हेच सामान तुम्ही 'गार्डन' या नावाखाली, शहरातल्या देखण्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवलंत तर बिल सहज दुप्पट होतं. वस्तू तीच, पुडक्यावर फुलाचं चित्र तेवढं जास्त.

तुम्ही दिंडोरी तालुक्यात राहता याचा फायदा घ्या. आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, टोमॅटो आहे, जानोरी-मोहाडीकडे गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. त्यामुळे शेडनेट, लॅटरल, ड्रिपर, कोकोपीट, निंबोळी पेंड हा माल इथल्या कृषी सेवा केंद्रात आणि ठिबकच्या दुकानात शेतकऱ्याच्या भावाने मिळतो. दुकानात गेल्यावर 'घरच्या कुंड्यांसाठी हवंय' हे शेवटी सांगा. आधी भाव विचारा.

खाली दिलेले भाव अंदाजाचे आहेत. दुकान, हंगाम आणि तुमची घासाघीस यांनुसार पंचवीस टक्के इकडेतिकडे धरा.

कधी सुरू करायचं

रामनवमीच्या आधी. सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव रामनवमीला सुरू होतो तो चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो आणि नाशिकहून गडाकडे जाणारी गर्दी वणीवरूनच पुढे नांदुरीला जाते. त्या दिवसांत पिकअपवाला दुप्पट भाडं सांगतो, रोपं गाडीत तासभर उन्हात तापतात आणि दुकानदाराला तुमच्या पाच ड्रिपरसाठी वेळ नसतो. उन्हाच्या हिशेबानेही तेच बरं. मार्चमध्ये लावलेलं रोप एप्रिलच्या झळांपर्यंत मुळं धरतं, मे महिन्यात लावलेलं नुसतं जगायची धडपड करतं.

उशीर झालाच असेल तर मे महिन्यात फक्त चिवट रोपं आणा (नावं पुढे दिली आहेत) आणि आंबा, लिंबू, सीताफळ अशी कलमं पाऊस पडेपर्यंत विसरा. कलम उन्हाळ्यात स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. ते स्वस्त असतं कारण नर्सरीवाल्यालाही ते उन्हाळाभर सांभाळायचं नसतं.

खरेदी आणि लागवड दोन्ही संध्याकाळी करा. रोप सकाळी आणावं लागलंच तर दिवसभर सावलीत ठेवा, पाच वाजल्यानंतर लावा.

कागदपत्रं? एकच

बागेसाठी कुठला अर्ज नाही, परवानगी नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर गच्चीवर कुंड्या ठेवण्याआधी घरमालकाला विचारा, एवढंच. जपून ठेवायचा कागद एकच आणि तो म्हणजे पक्कं बिल.

बिलात तीन गोष्टी बघा. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, साध्या मातीच्या कुंड्यांवरही नाही. कुणी या दोन्हींवर कर लावून बिल फुगवत असेल तर तिथेच थांबवा. दुसरं, बंद पाकिटातल्या खताच्या किंवा औषधाच्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. वर 'जीएसटी वेगळा' म्हणणं चालत नाही. तिसरं, फळझाडाचं कलम घेताना नर्सरीचा परवाना विचारा. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, विक्रीला परवाना लागतो. रस्त्याकडेला टेम्पोत 'केशर, दोन वर्षांत फळ' म्हणून विकलं जाणारं रोप कशाचं आहे हे चार वर्षांनी कळतं आणि तोवर टेम्पो कुठे असतो ते सांगायला नको.

दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल नसेल तर मात्र तिथेही तुमचं म्हणणं लंगडं पडतं.

आधी पाणी, मग रोपं

बहुतेक लोक उलटं करतात. नर्सरीत फुलं बघून रोपं आणतात आणि मग मे महिन्यात बादल्या उचलतात. तुम्ही हिशेब आधी करा. बारा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात रोज लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं. पंधरा कुंड्यांचे झाले अठरा-एकोणीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली. महिन्याला पावणेसहाशे लिटरच्या आसपास. तुमच्याकडे नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येत असेल आणि घरच्यालाच पुरत नसेल तर पंधराऐवजी आठ कुंड्या करा. टँकरचं पाणी विकत घेऊन सदाफुली जगवण्यात काही अर्थ नाही.

घरातलं पाणी वापरता येतं, पण सगळं नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चांगलं. एसी किंवा फ्रीजचं साठलेलं पाणीही चालतं. आरओ मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी नुसतं घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, महिन्याभरात मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. निम्मं नळाचं पाणी मिसळून, आठवड्यातून एकदोनदाच. कपड्यांच्या पावडरचं पाणी अजिबात नाही.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. पाइपमध्ये अडकलेलं त्याहून जास्त. म्हणून पाणी सकाळी सातच्या आत द्या. संध्याकाळी द्यायचं तर पाइपमधलं पहिलं पाणी बादलीत काढा, मग कुंडीकडे वळा.

आता ठिबक. याची लोकांना उगाच भीती वाटते. वणीत ठिबक जोडता येणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल आणि पंधरा कुंड्यांचं काम तासाभराचं आहे. सामान असं : १६ एमएमची लॅटरल पंधरा मीटर (मीटरला १० ते १५ रुपये), ताशी चार लिटरचे पंधरा ड्रिपर (नगाला ३ ते ६ रुपये), बारीक मायक्रोट्यूब वीसेक मीटर, टोकाला एंड कॅप, ड्रमला बसवायला ग्रोमेट आणि कॉक, एक छोटा जाळीचा फिल्टर. सगळं मिळून ५५० रुपयांच्या आसपास. लॅटरलला भोक पाडायचा पंच विकत घेऊ नका, दुकानदाराकडून तिथेच पाडून घ्या किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडून तासाभरासाठी आणा.

एका गोष्टीत फसाल, म्हणून नीट वाचा. दुकानात 'भारीतला ड्रिपर' म्हणून प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे पीसी ड्रिपर देतात. तो शेतात मोटरच्या दाबावर उत्तम चालतो. तुमच्या ड्रमच्या उंचीवर तो उघडतच नाही. तुम्हाला साधा, स्वस्तातला ड्रिपर हवा. ड्रम कुंड्यांपेक्षा तीनेक फूट उंच ठेवला तर चार लिटरचा म्हणून विकलेला साधा ड्रिपर ताशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी सोडतो. म्हणजे सकाळी कॉक उघडायचा, तासाभराने बंद करायचा. फोनवर गजर लावा, टायमर लागत नाही.

टायमर हवाच असेल (१,२०० ते २,५०० रुपये) तर तो 'झिरो प्रेशर'वर चालतो का हे लिहून घ्या. बाजारात सर्रास मिळणारे टायमर नळाच्या दाबाशिवाय उघडत नाहीत आणि 'इलेक्ट्रिक माल परत घेत नाही' ही पाटी तुम्हाला त्यानंतर दिसते.

ड्रम दोनशे लिटरचा, वापरलेला, ७०० ते १,००० रुपयांना मिळतो. त्यात आधी काय होतं हे विचारा. खाद्यतेलाचा किंवा सरबताच्या अर्काचा चालेल. शेतीच्या औषधाचा, रसायनाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. कितीही धुतला तरी नको. झाकण घट्ट हवं, त्यावर जुन्या साडीचा तुकडा बांधा. उघड्या ड्रममध्ये आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात आणि मग बाग राहते बाजूला, घरात डेंग्यूचा ताप येतो.

माती : फुकटची आणि विकतची

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत ती विटेसारखी घट्ट बसते. उन्हात तडकते, कडेने सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या बशीत उतरतं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यायलं. मुळं कोरडीच असतात. म्हणून नुसती माती भरू नका. एक भाग माती, एक भाग चाळलेलं खत, एक भाग कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला विटांचे तुकडे, खडी असा जाड थर घालायची गरज नाही. भोकावर एक खापर पालथं ठेवलं की झालं. खडीच्या थराने कुंडी जड होते आणि मुळांची जागा जाते, बाकी काही नाही.

माती विकत घेऊ नका. शहरात 'लाल माती' पाच-दहा किलोच्या पिशवीत विकतात, तिला इथे पैसे मोजायचं कारण नाही. ओळखीच्या शेतातून दोन गोण्या माती मिळेल, फार तर हमालीचे शंभर रुपये. बांधावरची घ्या, बागेच्या ओळीतली नको. ओळीतल्या मातीत वर्षानुवर्षांची औषधं उतरलेली असतात.

गांडूळखताची पन्नास किलोची गोणी ४०० ते ६०० रुपये. हेच खत एक-एक किलोच्या रंगीत पुडीत ४०-५० रुपये किलोने विकलं जातं. गोणी घेताना हात घालून बघा : चहाच्या भुकटीसारखं मोकळं, बिनवासाचं हवं. मुठीत दाबल्यावर पाणी सुटलं तर तुम्ही खताच्या भावाने पाणी घेताय. शेणखत घेणार असाल तर वर्षभराचं जुनं, पूर्ण कुजलेलं घ्या. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते, ती मुळं खाते आणि झाड का सुकलं हे कुंडी उलटी केल्याशिवाय कळत नाही.

कोकोपीट नेहमी दाबलेल्या विटेच्या रूपात घ्या. पाच किलोचा ठोकळा १५० ते २५० रुपयांना येतो आणि भिजवल्यावर साठ-सत्तर लिटर होतो. पंधरा कुंड्यांना दोन ठोकळे पुरतात. ओलं, सुटं कोकोपीट किलोवर विकणाऱ्याकडे जाऊ नका. ठोकळ्यावर 'वॉश्ड' किंवा 'लो ईसी' लिहिलेलं नसेल तर भिजवून, पिळून ते पहिलं तपकिरी पाणी टाकून द्या. त्यात खार असतो.

कुंड्यांबाबत वाद घालण्यात वेळ घालवू नका. मातीची कुंडी गार राहते पण पाणी जास्त पिते आणि गच्चीवर नेताना फुटते. सिमेंटची कुंडी उन्हाळ्यात तापते, तिचं वजन भयंकर. बारा बाय बारा इंची एचडीपीईची ग्रो बॅग ४० ते ७० रुपयांत येते आणि कमी कष्टाच्या बागेला ती बरी. घेताना जाडी किती जीएसएम ते विचारा आणि शिलाई ओढून बघा. पातळ पिशवी एका उन्हाळ्यात पापडासारखी तुटते. सहा इंची छोट्या कुंड्या टाळा. त्यांना मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं, म्हणजे कष्ट वाचवायला निघालात आणि वाढवून बसलात.

वजनही लक्षात घ्या. भिजलेली बारा इंची कुंडी वीस ते तीस किलो भरते. पंधरा कुंड्या म्हणजे तीन-चार क्विंटल. त्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीच्या आणि बीमच्या कडेने ठेवा, खाली दोन विटा द्या म्हणजे स्लॅबवर पाणी साचत नाही. स्लॅब झिरपायला लागला तर वॉटरप्रूफिंगच्या बिलापुढे बागेचा सगळा खर्च किरकोळ वाटेल.

आच्छादन विकत घेतलंत तर हसतील

उन्हाळ्यात बागेचं निम्मं काम आच्छादन करतं. मातीवर दोन इंच काडीकचरा पसरला की ऊन थेट मातीला लागत नाही आणि पाणी दुपारपर्यंत टिकतं. ऑनलाइन याच कामासाठी लाकडाच्या सालींची पिशवी तीन-चारशे रुपयांना विकतात. तुमच्याकडे चार पर्याय फुकट आहेत.

पहिला, रसवंती. उन्हाळाभर रस्त्याकडेला उसाच्या चिपाडांचे ढीग पडलेले असतात. मागितलंत तर पोतंभर देतात, वर आभार मानतात. ती थेट कुंडीत टाकू नका, मुंग्यांची रांग लागेल. बादलीत पाणी बदलून दोनदा धुवा, गच्चीवर दोन दिवस कडक वाळू द्या, मग हाताने मोडून वीत-वीत तुकडे करा. वाळलेली चिपाडं आतून स्पंजासारखी असतात. वर पाणी टाकलं की ती फुगतात आणि हळूहळू खाली सोडत राहतात. दुसरा पर्याय, उसाचं पाचट. कादवा कारखान्याच्या पट्ट्यात तोडणीनंतर ते शेतात पडून असतं. तिसरा, एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या द्राक्षकाड्या. त्या कोयत्याने बारीक कराव्या लागतात आणि भाजीच्या कुंडीला मी वापरणार नाही, फवारणीचा अंश असतो. फुलझाडांना हरकत नाही. चौथा, नारळाच्या शेंड्या. गडावरून आलेले नारळ प्रत्येक घरात असतात, त्यांच्या शेंड्या फेकू नका.

आच्छादन खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा.

सावली

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि गच्चीच्या लाद्यांवर तो त्याहून चढतो. बाराच्या पुढचं ऊन अडवलं तर निम्मी रोपं वाचतात. हिरवं किंवा पांढरं, पन्नास टक्क्यांचं शेडनेट घ्या. पंचाहत्तर टक्क्यांचं नको, त्याखाली फुलं येत नाहीत.

भाव विचारताना एक प्रश्न अगदी स्पष्ट विचारा : चौरस मीटरचा भाव की धावत्या मीटरचा? नेटची रुंदी बहुधा तीन मीटर असते. कुणी 'तीस रुपये मीटर' म्हणतो आणि बिल करताना चौरस मीटरने लावतो. भाव तिप्पट झालेला कापल्यावर कळतो आणि कापलेला माल परत जात नाही. दहा बाय दहा फुटांना साधारण ३०० रुपयांचं नेट लागतं, तार, केबल टाय आणि दोन बांबूंचे दीडशे. फॅब्रिकेटरला बोलावून लोखंडी सांगाडा करायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. जिन्याच्या टोपीपासून कठड्यापर्यंत तार ओढा आणि नेट टाका.

नेट ताणून बांधू नका, थोडा झोल ठेवा आणि एका बाजूला पटकन सोडता येईल अशी गाठ मारा. वळवाच्या वाऱ्यात ताणलेलं नेट शिडासारखं फुगतं आणि बांबू घेऊन शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातं. अवकाळीत गारा पडल्या तर मात्र हेच नेट रोपं वाचवतं, हे द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको.

कोणती रोपं, किती रुपयांना

ऊन सोसणारी आणि विसरलात तरी माफ करणारी : सदाफुली (२० ते ३०), चिनी गुलाब (२० ते ३०), बोगनवेल (६० ते २००), कोरफड (३० ते ६०), अडेनियम (१०० च्या पुढे), चाफा. पैकी चिनी गुलाब आणि कोरफड विकत घेऊच नका, शेजारणीकडून काडी आणि पिल्लू मागून आणा. मोगरा (५० ते १००) उन्हाळ्यातच फुलतो, त्याला ऊन हवं आणि पाणीही हवं. ठिबकच्या पहिल्या ओळीत ठेवा. जास्वंदीला पाणी नियमित लागतं आणि पिठ्या ढेकूण लवकर लागतो, तरी घर तिथे जास्वंद हवीच म्हणणाऱ्यांनी एक ठेवावी.

स्वयंपाकघरासाठी कढीपत्ता, गवती चहा, ओव्याचं पान आणि तुळस. पुदिना अर्धसावलीत. कोथिंबीर उन्हाळ्यात लावू नका, वीतभर होण्याआधी फुलावर जाते. आणि टोमॅटो! तालुक्यात टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट बाजार समितीत जातात. कुंडीत महिनाभर राबून किलोभर काढायचा सोस नको. भाजीच लावायची असेल तर भेंडी, गवार, चवळी लावा. बी कृषी सेवा केंद्रातलं, छोट्या पाकिटाचं, १० ते ३० रुपयांचं. पाकिटावर उगवणक्षमता आणि मुदत छापलेली असते ती वाचा. मिरचीची ट्रेमधली रोपं रोपवाटिकेत एक-दोन रुपयांना मिळतात, ती शंभराच्या ट्रेमधून दहाच द्यायला राजी करायचं कसब तुमचं.

कुंडीत द्राक्षवेल लावायचा मोह वणीत सगळ्यांनाच होतो. फवारण्यांचं वेळापत्रक पाठ असेल तर लावा.

पॉलिहाऊसमधून आलेला किंवा नर्सरीत नेटखाली वाढलेला गुलाब थेट गच्चीवर ठेवलात तर तीन दिवसांत पानं टाकतो. उन्हाळ्यात गुलाब, फर्न, पेटुनिया, अरेका पाम घेऊच नका. घेतलेलं कुठलंही रोप आधी आठवडाभर सकाळच्या उन्हात, मग हळूहळू पुढे सरकवा.

नर्सरीत रोप पिशवीतून थोडं वर उचलून मुळं बघा. पांढरी, पसरलेली हवीत. तळाला गोल गुंडाळलेली, तपकिरी असतील तर रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. फुललेलं रोप महाग आणि नाजूक, कळ्यांचं घ्या. 'कुंडीसकट दोनशे' म्हणाला तर कुंडीशिवाय किती ते विचारा. बहुधा चाळीस-पन्नास असतं.

जिथे पैसे जातात

नाशिकहून, गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमधून, रोपं आणायची तर चाळीसेक किलोमीटरचं भाडं रोपांपेक्षा जास्त होतं. पंचवीस रोपांपेक्षा कमी घ्यायची असतील तर जाऊ नका किंवा दोन-तीन शेजारी मिळून गाडी करा. उघड्या गाडीतून आणताना वारा रोपं वाळवतो. ओलं गोणपाट टाका.

ऑनलाइन मागवत असाल तर पत्त्यात फक्त 'वणी' लिहू नका. यवतमाळ जिल्ह्यातही वणी आहे आणि ते मोठं शहर आहे. 'तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक, ४२२२१५' एवढं लिहा, नाहीतर तुमचा मोगरा विदर्भाचा उन्हाळा बघून परत येईल. जिवंत रोपं बहुतेक कंपन्या परत घेत नाहीत. निळ्या गुलाबाच्या, सप्तरंगी गुलाबाच्या बिया, 'शंभर भाज्यांचं किट' यांना हात लावू नका. निळा गुलाब बियांपासून तुमच्या गच्चीवर उगवणार नाही. तो फोटोत रंगवलेला असतो.

माळी ठेवायचा तर फेरीला ३०० ते ५०० रुपये धरा आणि आधीच ठरवा की खत-औषध कुणाचं. 'औषध मारलं' म्हणून दर फेरीला शंभर-दीडशे वाढतात आणि बाटली तुम्हाला कधी दिसत नाही. पंधरा कुंड्यांना खरं तर माळी लागतच नाही.

शेजारच्या बागायतदाराकडे उरलेलं औषध असतं, तो प्रेमाने देतोही. नम्रपणे नको म्हणा. द्राक्षाचं बुरशीनाशक, जीए हे वाढीचं संजीवक, वेलीचे डोळे फुटायला लावतात ते द्रावण, यातलं काहीही घरात, मुलांच्या हाती लागेल अशा गच्चीवर आणू नका आणि पेप्सीच्या बाटलीत तर मुळीच नाही. कुंड्यांना कडुनिंबाचं तेल पुरतं : लिटरभर पाण्यात पाच मिली, त्यात थोडं भांड्यांच्या साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. शंभर मिलीची बाटली ८० ते १५० रुपये. लाल कोळी उन्हाळ्यात हमखास येतो. पानं मळकट, ठिपक्याठिपक्यांची दिसली की नुसत्या पाण्याची पिचकारी पानांखाली मारा, आठवड्यातून दोनदा.

विद्राव्य खतं उन्हाळ्यात जवळजवळ बंद ठेवा. १९:१९:१९ घातलं की झाड जोमाने वाढतं हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये नवी कोवळी पालवी म्हणजे जास्त पाणी आणि जास्त करपणं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, बस्स.

एकूण हिशेब

ग्रो बॅग ७५०, खत-कोकोपीट-पेंड आणि मातीची हमाली ११००, रोपं ९००, नेट आणि तार ४५०, ठिबक ५५०, ड्रम ८००. झाले ४,५५०, गाडीभाडं वेगळं. घरात जुने डबे, तेलाचे कॅन आणि शेतातली काढून टाकलेली लॅटरल असेल तर तीन हजारांत जमतं. जुनी लॅटरल आणताना ती दुमडून बघा. पांढरट भेगा पडल्या तर उन्हाने ती संपली आहे. पुढे महिन्याचा खर्च शे-दीडशे रुपये.

गावाला जाताना

दोनशे लिटरचा भरलेला ड्रम पंधरा कुंड्यांना दहा-अकरा दिवस पुरतो, पण कॉक रोज कुणीतरी उघडला पाहिजे. शेजाऱ्याला किल्ली द्या. कॉक अगदी थोडा उघडा ठेवून निघून जायची युक्ती करू नका. जवळचे ड्रिपर सगळं पाणी पितात, टोकाचे कोरडे राहतात. शेजारी नसेल तर सगळ्या कुंड्या सावलीच्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून मांडा, आच्छादन तीन इंच करा, वर नेट दुहेरी टाका, निघायच्या सकाळी तळातून पाणी येईपर्यंत भिजवा. पाच दिवस निघतात. पुदिना जाईल, बाकीची राहतील.

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात. तेव्हापासून आभाळ भरून येतं, दमट होतं, पण कुंडी कोरडीच असते. आभाळाकडे बघून पाणी बंद करू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तरच एक दिवस सोडा. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की नेट काढा, चार दिवस वाळवा आणि घडी घालताना आत कडुनिंबाचा पाला टाका. लॅटरलचं एंड कॅप काढून एकदा पूर्ण पाणी सोडा म्हणजे साचलेला गाळ निघून जातो. चिपाडांचं आच्छादन मातीतच कालवा. जून महिन्यात वन विभागाच्या रोपवाटिकांमधून वनमहोत्सवाची रोपं सवलतीत मिळायला लागतात. फळझाड आणि मोठं झाड लावायचं असेल तर पैसे त्यासाठी आता बाजूला ठेवा.